जिला सारा भरायचा होता

माझी पहिली नोकरी मातीची परीक्षा करण्याची होती. दोन माणसं पहारीनं वावरात खड्डा खणत. मी त्यात उतरून माती हातात घेई, ती किती खोल काळी आहे ते मोजी आणि कागदावर त्या वावराची प्रत लिही. सोळा आणे म्हणजे अव्वल जमीन. चुनखडी निघाली, रेव निघाली, उतार असला, पाणी साचत असलं की आणे कमी होत. या प्रतीवरून पुढं साहेबलोक त्या वावराचा सारा, म्हणजे सरकारी कर, ठरवणार होते, आणि तो तीस वर्षं बदलणार नव्हता. वऱ्हाडात असं कधी झालं नव्हतं. मागच्या अंमलात गावाचा मक्ता घेणारा बदलला की साऱ्याचा आकडा बदलायचा, आणि कुणाच्या वावराला काय बसलं हे पाटील-पटवाऱ्यांनाच ठाऊक असायचं.

माझे वडील अमरावतीत भिक्षुकी करत. मीही तेच करावं अशी त्यांची इच्छा होती. पण माझा आवाज फाटका आणि पाठांतर कच्चं. हिशेब मात्र तोंडी यायचा आणि मोडी अक्षर बरं होतं. वडिलांच्या एका यजमानांची कचेरीत ओळख होती. त्यांनी शब्द टाकला आणि मोजणी खात्यात मला चिकटवून दिलं. घरातून निघताना आईनं पितळेचा तांब्या, एक पातेलं आणि तिखटमिठाची पुरचुंडी बांधून दिली. वडील फक्त एवढंच म्हणाले, की लोकांच्या जमिनीबद्दल लिहायचं आहे, तर झोप येत असताना लिहू नकोस.

खात्यात बहुतेक माणसं घाटावरची होती. तिकडे मोजणी होऊन गेलेली, म्हणून त्यांना काम ठाऊक. आमच्या टोळीचे मुख्य पन्नाशीचे, काटकुळे, साताऱ्याकडचे गृहस्थ. आम्ही तरुण कारकून त्यांना काका म्हणत असू. त्यांनी मला पहिले पंधरा दिवस काही लिहू दिलं नाही. रोज वेगवेगळ्या मातीचे गोळे भिजवून माझ्या हातात देत आणि डोळे मिटून ओळखायला लावत. खारवट माती जिभेवर ठेवायलाही त्यांनीच शिकवलं. वऱ्हाडी बोली मात्र त्यांच्या गळी उतरत नसे. एखादा शेतकरी 'कावून?' म्हणाला की त्यांना वाटे तो भांडायला आला आहे. मग मी मध्ये पडून सांगे, की तो नुसतं 'का' एवढंच विचारतो आहे.

दिवस कापसाच्या भरभराटीचे होते. साता समुद्रापलीकडे कुठं तरी लढाई चालू होती आणि तिकडचा कापूस विलायतेला पोचत नव्हता, म्हणून आमच्या कापसाला कधी ऐकला नव्हता असा भाव आला होता. आगगाडी अजून बडनेऱ्याला पोचायची होती. अमरावतीच्या बाजारात गाड्यांच्या रांगा गावाबाहेरपर्यंत उभ्या राहत. ज्या वावरात ज्वारी पिकत होती तिथंही पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, लागली. बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या मी त्याच वर्षांत पाहिल्या. आणि नेमकं त्याच वेळी सरकार मोजणीची साखळी घेऊन वावरात उतरलं. लोकांनी त्याचा अर्थ लावला तो साहजिक होता. कापूस पाहून सरकारच्या तोंडाला पाणी सुटलं, आता सारा दुप्पट होणार, असं जो तो म्हणे.

त्यामुळं मी ज्या वावरात जाई तिथला मालक मला आपल्या जमिनीची निंदा ऐकवी. दर्यापूरकडच्या त्या मुलखात दोन-दोन हात खणलं तरी खडा लागत नाही. हद्दीला रोवायचे दगडदेखील परतवाड्याकडच्या डोंगरातून गाड्यांनी आणावे लागत. अशा जमिनीला लोक खारी म्हणत, वांझ म्हणत. एकानं तर आदल्या दिवशी टोपलीभर चुनखडीचे खडे आणून वावरभर फेकले होते. मी खड्ड्यात उतरलो तर आत एक खडा नाही, सगळे वरच. मी त्याच्याकडं पाहिलं. तोही हसला. मी चौदा आणे लिहिले आणि त्यानं मला हुरडा खायला बसवलं. माझं वय तेवीस-चोवीस होतं, उन्हाची सवय होती, आणि ते काम मला मनापासून आवडत होतं.

माघ महिन्यात आम्ही दर्यापूरपासून तीन-चार कोसांवरच्या एका गावात उतरलो. गावाबाहेर निंबाच्या झाडांखाली आमच्या राहुट्या पडल्या. गावचे पाटील साठीचे, धिप्पाड, बोलायला मवाळ. त्यांनी रोजचा शिधा आणि दूध पाठवण्याची व्यवस्था केली. मी आपला स्वयंपाक आपण करी. त्या काळी आमच्या घरचा तो रिवाज होता आणि मला तो मोडायचं धाडस नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी भाकरी थापत असताना एक बाई राहुटीपुढं येऊन उभी राहिली. पन्नाशीची असेल. उंच, उन्हानं रापलेली, कपाळ मोकळं, हिरवट लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं. तिनं विचारलं, वावराची प्रत लिहिणारे महाराज तुम्हीच का? मी होय म्हणालो. ती खाली बसली आणि तिनं माझी भाकरी भाजून होऊ दिली. मग म्हणाली,

"माह्या वावराले चांगलं लिहा."

मला वाटलं, हिला समजलेलं नाही. मी तिला समजावून सांगितलं, की चांगलं लिहिलं तर सारा जास्त बसतो. वाईट लिहिलं तर कमी.

"ते मले समजते," ती म्हणाली. "म्हनूनच म्हन्ते. सारा माह्या नावानं लावा, अन् पुरा लावा."

मग तिनं सगळं सांगितलं. तिचा नवरा वारून बारा-तेरा वर्षं झाली होती. एक मुलगी, ती तिवशाकडे दिलेली. नवऱ्याच्या वाटणीचं वावर नाल्याकाठी होतं आणि त्याला लागूनच धाकट्या दिराचं. नवरा गेल्यापासून ती स्वतः वावर करत होती. बैल तिचे, पेरणी तिची, कापूस वेचायला बाया ती लावायची. पण सारा भरायला बाईमाणसानं पाटलाच्या ओट्यावर कशाला जायचं, म्हणून ती आपला कापूस दिराच्या हवाली करी आणि दोघांचा सारा दीर एकत्र भरी. पटवाऱ्याच्या कागदात हळूहळू तिच्या नवऱ्याचं नाव गळलं आणि सगळं दिराच्या नावावर आलं. तेव्हा तिला त्याचं काही वाटलं नव्हतं. पण गेल्या उन्हाळ्यात दिरानं दोन वावरांमधला धुरा, म्हणजे मधला बांध, नांगरून टाकला. त्यानंतर साखळीवाले आले आणि त्यांना एकच वावर दिसलं म्हणून त्यांनी त्याला एकच नंबर दिला.

"आता म्हन्तेत, या कागदात ज्याचं नाव तोच मालक," ती म्हणाली. "मंग मी कोन?"

मी तिला सांगितलं, की माझं काम नुसतं मातीचं आहे. नंबर पाडणारे दुसरे, नाव लावणारे तिसरे. ती म्हणाली, माती तर पाहाल ना, तेवढी नीट पाहा. आणि उठून गेली.

त्या नंबरात मी दुसऱ्या दिवशी गेलो. दीर हजर होता. चाळिशी उलटलेला, नीटनेटका, अंगात पांढरी बाराबंदी. त्यानं मला अदबीनं सगळं वावर फिरून दाखवलं आणि नाल्याकडची बाजू अगदी हलकी आहे, पाणी साचतं, पीक सडतं, असं सांगितलं. ती बाईही आली होती, पण वीस पावलांवर एका बाभळीखाली उभी राहिली. पऱ्हाटी वेचून झाली होती, नुसती झाडं उभी होती.

रीतीप्रमाणं वावराचे भाग पाडून मी खड्डे घेऊ लागलो. दिराकडची माती चांगली होती, पण दीड हातावर चुनखडी लागत होती. नाल्याकडची पाहिली तर पावणेदोन हात खाली गेलो तरी काळीभोर, लोण्यासारखी. हलकी कुठली, त्या शिवारातली ती सगळ्यात उत्तम जमीन होती. एका कोपऱ्यात मात्र खळगा होता आणि तिथं पाणी साचत असणार हे खरं होतं.

मधल्या भागातला खड्डा खणताना पहार अडखळली. खणणारा म्हणाला, मुळ्या आहेत. मी खाली उतरलो. वीतभर मऊ माती होती आणि तिच्याखाली कुंद्याच्या गवताच्या मुळ्यांची जाड गादी, घट्ट दाबलेली. तिच्यात चुनखडीचे खडे, खापराचे तुकडे, गोगलगाईचे शंख. माझ्या लगेच ध्यानात आलं. निंदणी करणारे पिढ्यान्‌पिढ्या जे उपटतात, वेचतात, ते कुठं फेकतात? धुऱ्यावर. नांगरानं बांधाचं डोकं उडवलं होतं, पण त्याचं पोट जमिनीत तसंच होतं.

मी खणणाऱ्यांना त्याच रेषेत वीस पावलांवर आणखी एक खड्डा घ्यायला लावला. तीच गादी. दोन हात बाजूला घेतला, तिथं काही नाही. मग पुढं तिसरा घेतला, तिथं परत मुळ्या. दीर माझ्या मागोमाग चालत होता. तिसऱ्या खड्ड्याजवळ तो थांबला आणि त्याच्या चेहऱ्यावरचं अदबशीर हसू गेलं.

"महाराज, माती पाहाले आले ना तुमी?" त्यानं विचारलं.

मी म्हणालो, मातीच पाहतो आहे.

संध्याकाळी मी काकांना सगळं सांगितलं. ते संतापले. नंबर बनवणं आपलं काम नाही, ज्यांनी नकाशा काढला त्यांच्या कामात खोड काढलीस तर साहेबापुढं उभं राहावं लागेल, आणि तुझी नोकरी सहा महिन्यांचीही झालेली नाही, असं त्यांनी मला चांगलं तासभर सुनावलं. मी मान खाली घालून ऐकलं. सकाळी उठलो तर ते राहुटीत नव्हते. उन्हं वर आल्यावर परतले. धोतराचा सोगा गुडघ्यापर्यंत मातीनं भरलेला. आपणहून जाऊन तिन्ही खड्ड्यांत उतरले होते. हात धुऊन त्यांनी माझा कागद मागितला, माझं लिखाण वाचलं, तोंड वाकडं केलं आणि सगळी हकीकत आपल्या हातानं नव्यानं लिहून काढली. खाली सही पहिली त्यांची, मग माझी. म्हणाले, अक्षर चांगलं असलं की साहेब शेवटपर्यंत वाचतो.

दर काही गावांमागं साहेब स्वतः येऊन आमच्या कामाची तपासणी करी. थोडी वावरं निवडून तिथं पुन्हा खड्डे घ्यायला लावी आणि आमची प्रत जुळते का ते पाही. आठ-दहा दिवसांत तो त्या गावी आला. तांबूस दाढीचा, फार न बोलणारा. मराठी बरी बोले, पण सगळ्यांना 'तू' म्हणे, पाटलालाही. त्यानं काकांचा कागद वाचला होता. पहिलं वावर त्यानं तेच काढलं.

त्या दिवशी सगळं गाव बांधावर लोटलं. साहेबानं तिन्ही खड्डे पाहिले. मग ते एकमेकांना जोडून लांब चर खणायला सांगितला. माणसं खणत गेली तशी मुळ्यांची ती पट्टी उघडी पडत गेली, एखाद्या झाकलेल्या वाटेसारखी. साहेबानं पाटलांना पुढं बोलावलं आणि विचारलं, इथं धुरा होता की नव्हता?

पाटलांची मला कीव आली. दिराची मुलगी पाटलांच्या घरी सून म्हणून ठरलेली होती, हे मला नंतर कळलं. इतके दिवस ते काही बोलले नव्हते ते त्यामुळंच. त्यांनी पागोटं सारखं केलं, व्याह्याकडं पाहिलं, चराकडं पाहिलं. मग म्हणाले, की धुरा होता. त्यांच्या लहानपणापासून होता. नाल्याकडचं वावर थोरल्याचं आणि तो गेल्यावर त्याची बायकोच ते करते.

साहेबानं दिराला विचारलं, तुझं काय म्हणणं? मला वाटलं तो कानांवर हात ठेवील. तसं त्यानं केलं नाही. तो सरळ बोलला. भाऊ गेल्यावर लागोपाठ दोन वर्षं पाऊस गेला होता. वहिनीच्या घरात दाणा नव्हता. त्या दोन्ही वर्षांचा तिचा सारा त्यानं आपल्या बायकोच्या हातातले गोठ विकून भरला. नसता भरला तर तेव्हाच सरकारनं वावर काढून दुसऱ्याला दिलं असतं. मग ते वावर राखलं कुणी? तो कुणाचा हक्क मारत नव्हता. वहिनीला तो जन्मभर पोसणारच होता.

तोपर्यंत मी त्याला चोर समजत होतो. मग ती बाई पुढं आली. तिनं पदर सावरला आणि साहेबाकडं न पाहता दिराकडं पाहून बोलली.

"भाऊजी, ते दोन साल मी इसरली नाई. तुमच्या बायकोचे हात उघडे पाह्यले मी. पर मले पोसू नका. माहा सारा मले भरू द्या."

साहेबानं काकांना सांगितलं, की वावर ज्याच्या वहिवाटीत त्याचं नाव. पंचांचे जबाब घ्या, दोन नंबर करा, नकाशा दुरुस्त करा. आणि घोड्यावर बसून पुढच्या वावराकडं गेला. एवढ्या मोठ्या गोष्टीला त्याला अर्धी सकाळही लागली नाही.

दुसऱ्या दिवशी साखळीवाले नवी हद्द आखायला आले. माझ्या खड्ड्यांच्या रेषेत त्यांनी काठ्या रोवल्या आणि ती रेष तशीच सरळ नाल्यापर्यंत नेली. मी कागद घेऊन उभा होतो. बाई होती, पाटील होते, गावातली पाच-सात माणसं होती. दीर येणार नाही असं सगळ्यांना वाटलं होतं. तो आला. थोडा वेळ लांबून पाहत राहिला. मग चालत नाल्यापाशी गेला, शेवटच्या काठीजवळ उभा राहिला आणि साखळी धरणाऱ्याला म्हणाला,

"अथी नाई. अथून धुरा वळते."

आणि त्यानं ती काठी उपटली, आपल्या वावरात दहा-बारा पावलं आत नेली आणि तिथं रोवली. तिथं पूर्वी एक जुनं चिंचेचं झाड होतं, धुरा त्याला वळसा घालून जाई, झाड त्याच्या बापाच्या वेळी पडलं आणि पुरात तो वळसा वाहून सपाट झाला, ती जागा बापानं त्याला दाखवली होती, असं त्यानं सांगितलं. त्या टोकाला मी खड्डा घेतलेला नव्हता. पाटलांनाही ते आठवत नव्हतं. खुद्द त्या बाईलाही ठाऊक नव्हतं, कारण ती लग्न होऊन आली तेव्हा ना झाड होतं ना तो वळसा. तो बोलला नसता तर तो तुकडा कायमचा त्याचाच राहिला असता. आम्ही तिथं खणून पाहिलं. कुंद्याच्या मुळ्या होत्या आणि त्यांच्यात चिंचेचं काळं पडलेलं मूळही होतं.

बाईनं तोंडाला पदर लावला. दीर तिला म्हणाला, "वयनी, दगड आनाले माही गाडी धाडतो," आणि निघून गेला. परतवाड्याकडून हद्दीचे दगड त्याच्याच गाडीतून आले.

मी त्या वावराची प्रत पंधरा आणे लिहिली. पाणी साचणाऱ्या कोपऱ्याचा एक आणा कमी केला. काकांनीही तेवढीच ठरवली होती. आम्ही गाव सोडून निघालो त्या सकाळी ती बाई दह्याचं मडकं घेऊन आली. मडकं माझ्या हातात देता देता तिनं विचारलं, "एक आना कावून कापला, महाराज?" मी खळग्याचं सांगितलं. तिला ते पटलं नाही. तो कोपरा पुढल्या उन्हाळ्यात मातीनं भरून काढते, मग येऊन नीट लिहा, असं तिनं मला बजावलं. काका बाजूला उभे होते. रस्त्याला लागल्यावर ते मला म्हणाले, की वीस वर्षं ते प्रत लिहीत आहेत, शेकडो लोकांनी त्यांच्यापाशी आणे कमी करा म्हणून गयावया केली, एक आणा वाढवून मागणारी ही पहिलीच. दही फार सुरेख होतं. आम्ही दोघांनी ते वाटेतच संपवलं.

नवे दर जाहीर झाले ते पुढल्या वर्षी, दर्यापुरात, मैदानात मांडव घालून. गावोगावचे पाटील आणि खातेदार आले होते. मला तिथं कागद वाचून दाखवायला नेमलं होतं. लोक अगदी धास्तावून बसले होते. दुप्पट होणार, तिप्पट होणार, अशा वावड्या उठल्या होत्या. मी एकेक गाव वाचत गेलो. सारा वाढला होता, पण दुप्पट नव्हता, आणि प्रत्येकाला आपल्या वावराचा आकडा पहिल्यांदाच आपल्या कानांनी ऐकायला मिळत होता. दोन-तीन गावं झाल्यावर लोक सैल झाले. तंबाखूचे बटवे निघाले. एक म्हातारा उठून विचारता झाला, की पुढल्या साली कापूस आणखी महागला तर? तीस वर्षं हाच, असं मी सांगितलं. आणि स्वस्त झाला तर? तरी हाच. तो खाली बसला आणि शेजाऱ्याशी बोटांवर काही तरी हिशेब करू लागला.

त्या गावाची पाळी आली तेव्हा मी पाहिलं, बाई बायकांच्या बाजूला एका खांबाला टेकून बसली होती. इतर बाया तिथं जवळजवळ नव्हत्याच. मी आधी तिच्या नवऱ्याचं नाव घेतलं, मग त्याची बायको म्हणून तिचं, मग नंबर, मग सारा. एकरी सारा तिला दिरापेक्षा जास्त बसला होता. माणसांमधून कुणी तरी दिराला चिडवलं, की वहिनी तुझ्यावर चढली. तो म्हणाला, चढू दे, जमीनच तशी आहे. आणि मांडवात हशा पिकला. बाई हसली नाही. तिनं मला आकडा पुन्हा एकदा वाचायला लावला. मी वाचला. ओठ हलवत तिनं तो पाठ केला.

त्यानंतर दोनेक वर्षांत दूरची ती लढाई संपली आणि कापसाचा भाव उतरला. चांदीच्या शेंब्या पुष्कळशा दिसेनाशा झाल्या. पण आमच्या मोजणीचे आकडे भावाच्या भरतीवर चढवलेले नव्हते, त्यामुळं बहुतेकांना ते झेपले. मी खड्डे पाहण्याचं काम आणखी दोन हंगाम केलं. मग लग्न झालं आणि माझी नेमणूक अकोल्याच्या कचेरीत झाली. तिथं आगगाडी आली होती, शहर वाढत होतं, माझं बिऱ्हाड नदीच्या बाजूला होतं. बसून लिहिण्याचं काम सुरुवातीला अंगावर आलं. हळूहळू अंगवळणी पडलं. मुलं झाली. काका परत साताऱ्याकडं गेले. त्यांची वर्षातून एक-दोन पत्रं येत आणि त्यांत हटकून एका तरी ओळीत इथल्या पिकपाण्याची चौकशी असे.

अकोल्याला येऊन चार-पाच वर्षं झाली असतील, एके दिवशी दुपारी कचेरीच्या ओसरीवर ती बाई आणि तिचा दीर बसलेले दिसले. दोघंही थोडे थकले होते. कुणाच्या तरी लग्नासाठी आले होते आणि माझा पत्ता काढत आले होते. मी त्यांना घरी नेलं. बायकोनं चिवडा केला. पाटलांच्या घरची हकीकत, दिराच्या मुलीला झालेला मुलगा, तिवशाच्या लेकीचं घर, सगळं बोलून झालं. मग बाईनं मुद्द्याची गोष्ट काढली. वावरात तिला विहीर खणायची होती. दीर म्हणत होता, विहीर खणली की सरकार बागायत समजून सारा वाढवील. ती म्हणत होती, तीस वर्षं म्हणजे तीस वर्षं. यावरून दोघांची पैज लागली होती.

मी सांगितलं, की स्वतःच्या खर्चानं विहीर खणली तर मुदत संपेपर्यंत साऱ्यात काही वाढ नाही. तसा स्पष्ट नियमच आहे. दीर माझ्याकडं संशयानं पाहत राहिला. मी आत जाऊन छापील कागद आणला आणि वाचून दाखवला. त्यानं मान डोलावली. पण त्याची खरी शंका वेगळीच होती. म्हणाला, त्या शिवारात जिथं खणलं तिथं खारं पाणी लागतं, जनावरंही तोंड लावत नाहीत, हिला कोण समजावणार.

पुढल्या वर्षी दर्यापूरकडच्या कामासाठी मी गेलो तेव्हा वाकडी वाट करून त्या गावी थांबलो. दुपारची वेळ होती. दोन्ही वावरांत वेचणी चालू होती आणि वेचणाऱ्या बाया एकाच टोळीतल्या, इकडून तिकडं जात होत्या. हद्दीचे दगड होते आणि त्यांच्यामधून नवा धुरा चांगला कमरेइतका वर आला होता. तो दोघांनी मिळून घातला होता. कोपऱ्यातला खळगाही भरलेला होता. बाईनं मला सगळ्यात आधी विहीर दाखवली. बांधीव, गोल, पायऱ्यांची. मी एक ओंजळ पाणी तोंडात घेतलं आणि थुंकलो. समुद्राचं पाणी मी कधी चाखलेलं नाही, पण ते तसंच असावं.

दीर पलीकडून हे पाहत होता आणि तोंडावर उपरणं धरून हसत होता. बाईला त्याची काही फिकीर नव्हती. खाऱ्या पाण्यावर कपडे निघतात, घर सारवायला होतं, आणि उन्हाळ्यात बाया पाय धुतात, असं ती मला सांगत होती. मग तिनं विहिरीच्या कडेला बसून मला जवळ बोलावलं आणि हळूच विचारलं, की पंधराचे सोळा आणे करायला कुणाला अर्ज करायचा. मी म्हणालो, तीस वर्षांची मुदत संपेपर्यंत थांबावं लागेल, माय. ती म्हणाली, थांबते. तोवर वेचणाऱ्या बायांनी तिला हाक मारली. ती ओटी खोचत पऱ्हाटीत शिरली, आणि दिरानं मला आपल्या खळ्यात नेऊन बाजेवर बसवलं.